आधी वही काढ

लातूर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू अर्धा तास बोललास. त्यातनं मला एवढं कळलं की गाडी घ्यायची ठरली, पेट्रोलची शोरूमला तयार उभी आहे आणि तुझ्या संभाजीनगरजवळच्या वाळूजचा कुणी फिटर पासष्ट हजारात गॅसचं, म्हणजे सीएनजीचं, किट बसवून देतो म्हणायलाय. कारखान्यातच गॅस बसवून आलेली, कंपनीचीच सीएनजी घेतली तर नव्वद हजार वर जातात, शिवाय थांबावं लागतं. "आई, पंचवीस हजार वाचतात की!" पप्पा तेव्हा जेवत होते म्हणून गप्प बसले. फोन ठेवल्यावर बोलले. त्यातलं सगळं लिहिण्यासारखं नाही, जे आहे ते लिहिते.

मला हिशेब तोंडी कळत नाही, तुला माहीतच आहे. सव्वीस वर्षं अंगणवाडीत रजिस्टरं भरली. वजनाचं वेगळं, आहाराचं वेगळं, लसीचं वेगळं. ती खोड घरातही आली आणि आपल्या घरच्या पांढऱ्या गाडीची वही सुरू झाली. किती फिरली, किती गॅस, किती पेट्रोल, कुणी कशाचे किती घेतले. तीच वही पुढ्यात घेऊन बसले आहे.

तुझं सिडको ते वाळूज जाणं-येणं रोजचं चाळीस किलोमीटर धर. महिन्यातनं एकदा लातूर, येऊन-जाऊन साडेपाचशे. म्हणजे महिन्याला पंधराशे झाले. पेट्रोल १०५ रुपये आणि लिटरला वीस धरलं, तर किलोमीटरला सव्वापाच रुपये. गॅस ९३ रुपये आणि किलोला सत्तावीस धरला, तर साडेतीनच्या आत. वॅगन-आरच्या कागदावर किलोला ३४.०५ लिहिलंय, पण त्या कागदावर आपले खड्डे नाहीत. किलोमीटरमागे एक रुपया ऐंशी पैसे सुटतात, महिन्याला २,७०० रुपये. बाहेरच्या किटचे पासष्ट हजार २४ महिन्यांत निघतात, कंपनीचे नव्वद हजार ३३ महिन्यांत. एवढा वाद चाललाय तो नऊ महिन्यांचा, बाळा. गाडी तू दहा वर्षं वापरणार.

(तुझ्या कामावरची बस मिळाली असती आणि गाडी फक्त रविवारी निघणार असती, तर मी म्हटलं असतं, गॅसच नको. पेट्रोल घाल आणि सुखानं फिर.)

आता पांढऱ्या गाडीचं. तू तेव्हा होस्टेलला होतास, तुला निम्मंच ठाऊक आहे. लातुरात गॅसचा पंप नवा नवा झाला होता आणि पप्पांना पुण्याची, एमएच-१२ ची गाडी सापडली. किट आधीच बसवलेलं. किट फुकटात पडलं म्हणून आठ दिवस हवेत होते. मग आरटीओत नाव लावायला गेले. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, इंधन म्हणून नुसतं 'पेट्रोल' आणि डिकीत साठ लिटरची टाकी! साहेबांनी विचारलं, किटचं मान्यतापत्र कुठंय, टाकीचं सर्टिफिकेट कुठंय, कुणी बसवलं. पुण्याच्या त्या गॅरेजचा पत्ता काढला तर तिथं आता मोबाईलचं दुकान. तीन चकरा, दोन महिने, आणि एजंटाला दिलेले पैसे मी लाल पेननं लिहून ठेवलेत. तेवढ्या दिवसांत गाडीला काही झालं असतं, तर विमेवाल्यानं आरसी बघून हात वर केले असते.

त्यानंतर हायड्रोटेस्ट. गॅस टाकीत दोनशे बारच्या दाबानं भरतात, म्हणून दर तीन वर्षांनी ती उतरवून, त्याहून कितीतरी जास्त दाबानं पाणी भरून तपासावी लागते. ते काम कुठलंही गॅरेज करत नाही. पेसो म्हणून स्फोटकं आणि अशा दाबाच्या टाक्यांवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं आहे, मुख्यालय नागपूरला, त्यांची मान्यता असलेल्या केंद्रातच होतं. आपल्याला हे पंपावर कळलं. पंपावरच्या पोरानं टाकीच्या तपासणीची तारीख असलेली प्लेट बघितली, तारीख उलटलेली, नळी काढून परत अडकवली. बरोबरच केलं त्यानं. टाकी परगावी गेली, गाडी आठ दिवस पेट्रोलवर. हा खर्च कंपनीच्या गाडीलाही चुकत नाही, तो धरूनच चाल. फरक इतकाच की कंपनीच्या गाडीला टाकीचे कागद गाडीबरोबर येतात.

मांजरसुंब्याचा घाट तर पप्पा अजून विसरले नाहीत. मे महिना, गाडीत आम्ही पाच जण, एसी चालू. गाडी दुसऱ्या गिअरवर रडायला लागली आणि मागून एसटीनं हॉर्न मारत ओव्हरटेक केलं. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, त्याला एसटीनं मागं टाकलं! बीड येईपर्यंत बोलले नाहीत. आता हा दोष निव्वळ बाहेरच्या किटचा नव्हे, हेही त्यांनीच सांगितलं. गॅस हवेसारखाच फुगलेला असतो, इंजिनात शिरताना हवेची जागा खातो, ताकद थोडी कमी पडणारच. वॅगन-आरचं एक लिटरचं इंजिन पेट्रोलवर साधारण ६६ हॉर्सपॉवर देतं, तेच गॅसवर ५६. चढ आला की पेट्रोलचं बटण दाबायचं, त्यात कमीपणा नाही.

पण त्यात आपलं किट जुन्या पद्धतीचं होतं, व्हेंच्युरीचं. त्यात हवेच्या वाटेतच एक कडं बसवतात, म्हणजे गळ्यात बूच घातल्यासारखं. गॅस आणि हवा तिथंच मिसळून सगळी नळी भरलेली राहते. ठिणगी उलटी फिरली की भडका मागं येतो. दुसऱ्या वर्षी औशाच्या रस्त्यावर बॉनेटखाली असा आवाज झाला की मला वाटलं टायर फुटलं. एअर फिल्टरचा डबा चिरून दोन तुकडे. म्हणून बाहेरचं बसवायचंच झालं तर सिक्वेन्शियलच, हे वाक्य वहीत पप्पांनी स्वतःच्या हातानं लिहिलंय. त्यात प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असतो, गॅस ज्याच्या-त्याच्या तोंडाशी सुटतो. लोव्हाटो, लँडी रेन्झो, बीआरसी ही इटलीची नावं तुझा फिटरही घेत असेल. नावं चांगलीच आहेत. पण किट इटलीचं असलं तरी बसवणारे हात वाळूजचे, आणि पप्पांचं सगळं भांडण त्या हातांशी आहे.

ते म्हणायलेत, बाहेरचा माणूस गाडीची मूळ वायर कापून मध्ये आपली वायर जोडतो. चांगला असला तर कनेक्टर लावतो, घाईत असला तर पिळा मारून टेप. पावसाळ्यात तिथंच पाणी शिरतं, चेक इंजिनचा दिवा लागतो. शोरूमला नेली की ते म्हणणार, बाहेरचं काम आहे. फिटरकडं नेली की तो म्हणणार, इंजिनचाच दोष आहे. तू मधल्या मध्ये उभा. नव्या गाडीची वॉरंटी अशा कापाकापीनं जाते, आणि "वॉरंटीला काही होत नाही" हे फिटर तोंडानं म्हणतो, लिहून देत नाही. लिहून माग एकदा, बघ काय करतो.

कंपनीच्या गाडीत वायरिंग कारखान्यातच गॅस धरून ओढलेलं असतं. मारुतीनं हे २०१० पासून चालवलंय. पेट्रोलचा आणि गॅसचा, दोन कंट्रोलर एकमेकांशी बोलतात. गॅस भरायचं झाकण उघडं राहिलं तर गाडी सुरूच होत नाही. टाकी भरताना चहा पिऊन येऊन तसाच गाडी काढणारा माणूस घरात असल्यामुळं मला ते फार आवडलं. गॅसची आग कोरडी असते, व्हॉल्व्हची बैठक झिजवते, म्हणून तीही कडक धातूची घालतात. आणि मागची स्प्रिंग! टाकी, पाइप, सगळं मिळून एक धट्टाकट्टा माणूस डिकीत कायमचा बसल्यासारखं वजन असतं. कंपनी त्या हिशेबानं सस्पेन्शन बदलते. आपल्या गाडीला स्प्रिंगच्या वेढ्यात रबर कोंबलं होतं, ते माझ्या कमरेला अजून आठवतं.

तू म्हणशील, आईला बाहेरचं किट म्हणजे पापच वाटायलंय. तसं नाही. मामानं परवा विचारलं तेव्हा पप्पांनी त्याला बसव म्हणूनच सांगितलं. त्याची गाडी २०१८ ची, वॉरंटी केव्हाच संपली, इंजिन ठणठणीत, रोज ऐंशी किलोमीटर पळते. त्याला नवी गाडी घेऊन सीएनजी करायची म्हणजे उंदरासाठी डोंगर पोखरायचा. त्याचा फिटरही गल्लीतला आहे, रात्री दार वाजवलं तरी उघडतो. तुझी गोष्ट वेगळी. तू कोरी गाडी पहिल्याच महिन्यात कापायला निघालास, आणि उद्या नोकरीत तुला चाकणला पाठवलं तर तो फिटर तिथं येणार आहे का?

नव्या गाडीत बाहेरचं किट बेकायदा आहे असंही नाही. आधी बीएस-६ गाडीला, म्हणजे धुराच्या नव्या नियमातल्या गाडीला, बसवता येत नव्हतं, २०२२ पासून परवानगी आहे. पण किटला त्याच मॉडेलसाठी एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेची मान्यता लागते, बसवणारा अधिकृत लागतो, मग गाडी आरटीओत दाखवून आरसीवर 'पेट्रोल/सीएनजी' करून घ्यायचं. विम्यालाही लेखी कळवायचं. किटच्या किमतीच्या चार टक्के आणि थर्ड पार्टीचे साठ रुपये, असा त्यांचा दर आहे. पासष्ट हजारावर पहिल्या वर्षी २,६०० रुपये. हे तुझ्या पंचवीस हजारातून वजा कर. आणि वापरलेली टाकी स्वस्तात देतो म्हणाला तर तिथून चप्पल घालून निघ.

तिसरा एक रस्ता आहे, शोरूमनं बसवून दिलेलं किट. रेनॉने फेब्रुवारी २०२५ मध्ये क्विडला ७५,००० आणि ट्रायबर, कायगरला ७९,५०० रुपयांत सुरू केलं, महाराष्ट्रातही. ते कारखान्यात लागलेलं नसतं, पण बिघडलं तर कुणाच्या दारात उभं राहायचं ते ठरलेलं असतं. तुला ती गाडी आवडत असेल तर विचारून बघ, मी त्यात पडत नाही.

आता गॅसचं एक खरं दुखणं सांगते, जे शोरूमवाला सांगत नाही आणि फिटरही नाही. साठ लिटर हे पाण्याचं माप, गॅस त्यात आठ-नऊ किलोच मावतो. तोही पंपाला पुरा दाब असेल तर. जिथं पाइपलाइन नाही तिथं गॅस ट्रकवरच्या सिलिंडरांतून येतो, आणि ट्रक रिकामा होत आला की दाब उतरतो. रांगेत पाऊण तास थांबून पाच किलो पडल्याच्या नोंदी वहीत किती तरी आहेत. उन्हाळ्यात गॅस तापलेला असतो, तेव्हाही कमीच बसतो. म्हणून पप्पा पहाटे साडेपाचला भरायला जातात. म्हणतात गॅससाठी, मला वाटतं तिथल्या चहासाठी. आठ किलोवर तू सव्वादोनशे किलोमीटर येशील, अंबाजोगाईच्या आसपास गॅस संपेल. पेट्रोलची टाकी कोरडी ठेवून निघायचं नाही. इंजिन थंड असताना बहुतेक गाड्या पेट्रोलवरच सुरू होतात, गरम झालं की मग गॅसवर जातात. मी घरून बाजाराला गंजगोलाईला जाऊन आले तर बहुतेक पेट्रोलच जळतं, हे मला वही ठेवल्यामुळं कळलं. टियागोसारख्या काही कंपनीच्या गाड्या थेट गॅसवर सुरू होतात म्हणे, ते चालवताना बघून घे.

आणि डिकी. पांढऱ्या गाडीत टाकी आडवी पसरलेली, ज्वारीचं कट्टं, पोतं, मागच्या सीटवर बसवून आणावं लागायचं. टाटानं आणि आता ह्युंदाईनंही एका मोठ्या टाकीऐवजी दोन लहान टाक्या डिकीच्या फळीखाली घातल्यात, वर सामान राहतं. पण स्टेपनी कुठं ठेवलीय ते आधी विचार. आम्हाला ती नितरूडजवळ भर उन्हात शोधावी लागली होती, सगळं सामान रस्त्यावर मांडून.

मला विचारशील तर कंपनीची घे, दीड महिना थांबावं लागलं तरी. वरचे पंचवीस हजार कमी पडत असतील तर माझ्या भिशीचे येणार आहेत, पप्पांना सांगू नकोस.

येळवशीला, वेळा अमावास्येच्या सणाला, येशील तेव्हा बुकिंगआधी डिकी मोजून ये, लांबी-रुंदी-उंची, कागदावर लिहून. शेतात न्यायचं आंबिलीचं बिंदगं, ती घागर, उभं बसलं पाहिजे. आडवं ठेवून चालत नाही.

तुझी,
आई

ता. क. पप्पांनी पत्र वाचलं. भिशीची ओळ वाचून काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, त्याला सांग ट्रायलला घाटात घेऊन जा, शोरूमच्या गल्लीत नको. दौलताबादकडचा चढ जवळ पडेल.