नवा सर्व्हो आणण्याआधी

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. तुझ्या रेडिओवर चालणाऱ्या मॉडेल विमानाचा एलिव्हेटर, म्हणजे नाक वरखाली करणारा शेपटीवरचा हलता पृष्ठभाग, वळण घेताना क्षणभर थिजला, मग आपोआप सुटला, आणि आता टेबलावर त्याचाच सर्व्हो (तो पृष्ठभाग हलवणारी छोटी मोटरची डबी) शहाण्यासारखा वागतोय. तू नवा सर्व्हो लावून मोकळा होणार म्हणतोस. मी तुझ्या जागी असतो तर थोडं थांबलो असतो. सर्व्हो मरतात खरे, पण बऱ्याचदा त्यांना मारणारं काहीतरी बाहेर असतं, आणि ते तसंच राहिलं तर नवाही त्याच वाटेने जातो.

आधी एवढंच आठव: त्या क्षणी एलेरॉन (पंखांवरचे हलते पृष्ठभाग) चालत होते का? प्रोपेलरच्या मोटरचा आवाज बदलला का? सगळंच एकदम थिजलं असेल तर एकट्या एलिव्हेटरच्या सर्व्होला दोष देता येणार नाही. मग संशय वीजपुरवठ्यावर, नाहीतर रेडिओच्या दुव्यावर. विमानातला २.४ गिगाहर्ट्झचा रिसीव्हर म्हणजे छोटा संगणकच. व्होल्टेज फार खाली गेलं की तो बंद पडतो, पुन्हा सुरू होतो, तुझ्या हातातल्या ट्रान्समीटरला शोधतो, आणि तोवर विमान आपल्या मर्जीने उडतं. काही रिसीव्हर असा झटका बसून गेल्यावर दिवा लुकलुकवत ठेवतात. पुढच्या वेळी उतरल्यावर बॅटरी काढण्याआधी तो दिवा नक्की बघ.

तुझ्या ईएससीतला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटमधला) बीईसी, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज उतरवून रिसीव्हरला आणि सर्व्होंना देणारा भाग, लिनिअर आहे ना, जादा व्होल्टेज उष्णतेत घालवणारा? मग हा हिशोब कर. तीन सेलची लायपो बॅटरी ११ व्होल्टवर आहे, सर्व्होंना ५ व्होल्ट हवेत आणि ते मिळून २ अँपिअर ओढतायत. उरलेले ६ व्होल्ट जातात कुठे? उष्णतेत. ६ गुणिले २, म्हणजे १२ वॅट, तेही अंगठ्याएवढ्या पाटीवर, फ्यूजलाजच्या, म्हणजे विमानाच्या धडाच्या, कोंदट पोटात. तापला की बीईसी स्वतःला वाचवायला वीज देताना हात आखडता घेतो. टेबलावर हे दिसत नाही, कारण तिथे पृष्ठभागांवर वाऱ्याचा दाब नसतो. साध्या मल्टिमीटरवरही विसंबू नकोस. क्षणात येऊन गेलेली घसरण त्याच्या आकड्यात उमटतच नाही. टेलिमेट्री (विमानातले आकडे खाली कळवणारी सोय) असेल तर उड्डाणातलं किमान व्होल्टेज बघ. नसेल तर सगळे सर्व्हो एकदम जोरात हलवत राहा, कोणाला तरी पृष्ठभाग बोटांनी हलके अडवायला सांग आणि बीईसी किती तापतो ते बघ. प्रोपेलर मात्र आधी काढ, हे तुला सांगायला नको. चार-पाच सर्व्हो असतील तर मी सरळ वेगळा स्विचिंग बीईसी लावतो, जो उष्णतेत फार कमी घालवतो. रिसीव्हरच्या रिकाम्या चॅनेलला मोठा कपॅसिटर लावायची टूम मला फारशी पटत नाही. क्षणिक घसरण तो झाकतो, पण मुळात कमी पडणारा पुरवठा त्याने वाढत नाही.

आता समज, फक्त एलिव्हेटरच थिजला होता. तर पुशरॉडचा (सर्व्होपासून पृष्ठभागापर्यंत जाणाऱ्या काडीचा) क्लेव्हिस, म्हणजे टोकाची चिमट्यासारखी कडी, सोडव आणि पृष्ठभाग बोटाने वरखाली कर. तो आपल्या वजनाने सहज खाली पडला पाहिजे. बिजागरीत गोंद शिरला असेल किंवा रॉड नळीत घासत असेल तर इथेच कळतं. मग रॉड जोडून आणि सोडून, दोन्ही वेळा सर्व्होचा आवाज ऐक. जोडल्यावर गुणगुणतो आणि सोडल्यावर गप्प होतो, तर तो सतत कशाशी तरी झुंजतोय. डिजिटल सर्व्हो थोडे गुणगुणतातच, त्याने घाबरू नकोस.

एंडपॉइंट, म्हणजे सर्व्होच्या हालचालीच्या दोन्ही टोकांच्या मर्यादा, तर तपासच. स्टिक शेवटापर्यंत नेल्यावर पृष्ठभाग आधीच अडत असेल तर सर्व्होची मोटर जागच्या जागी रोखली जाते. फिरती मोटर विजेचा उलटा दाब निर्माण करून करंट आवरते. अडवलेली मोटर मात्र पुरवठा देईल तितका ओढते आणि जळते. हालचाल कमी हवी म्हणून ट्रान्समीटरमध्ये टक्के घटवत बसू नकोस. सर्व्होच्या आर्मवर (फिरणाऱ्या दांडीवर) आतलं भोक घे, कंट्रोल हॉर्नवर (पृष्ठभागावरच्या दांडीवर) बाहेरचं. जोर वाढतो, बारकावा वाढतो आणि गिअरमधली ढिलाई पृष्ठभागावर कमी पोचते. ही ढिलाई वेगात जीवघेणी असते, कारण त्यातूनच फ्लटर, म्हणजे पृष्ठभागाचा अनावर फडफडाट, सुरू होतो आणि फ्लटर गिअरचे दात खातो.

एवढं सगळं निर्दोष निघालं, तरच सर्व्होच्या अंगाला हात लाव. सर्व्होला दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद मिळतो, १.५ मिलिसेकंदाचा म्हणजे मध्य, साधारण १ आणि २ ही दोन टोकं. आतला पॉट (पोटेन्शिओमीटर, फिरवला की रोध बदलणारा भाग) आर्म कुठे आहे ते सांगतो आणि सर्किट दोन्हींची तुलना करून मोटर फिरवतं. म्हणून सर्व्हो टेस्टरवर (असे स्पंद देणाऱ्या छोट्या उपकरणावर) लावून अगदी सावकाश फिरव. दर वेळी एकाच जागी थरथरला तर पॉट झिजलाय. ही जागा बहुधा मध्याजवळ असते, कारण सर्व्हो जास्त वेळ तिथेच बसून थरथर सोसतो. पॉट साफ करून चालवणारे आहेत, पण एलिव्हेटरवर मी तो सर्व्हो पुन्हा लावणार नाही. एका टोकाला पळून तिथेच अडकला, तर पॉटची तार तुटली असण्याची शक्यता मोठी. वीज बंद करून आर्म हाताने हळू फिरवताना मध्येच दात घसरल्यासारखं वाटलं तर गिअर गेले. फक्त गिअरचा संच बदलला तरी भागतं.

टेस्टरवर ठीक चालतो आणि विमानात नाही? मग वायर. प्लगपाशी आणि सर्व्होच्या पोटातून बाहेर पडते तिथे वाकवून बघ. आतले धागे तुटलेले असले तरी वरचं आवरण शाबूत दिसतं. एक्स्टेन्शनचा प्लग थरथरीने सैल झालाय का, तेही बघ. प्लग उलटा लागला तर मात्र घाबरू नकोस. हल्लीच्या बहुतेक सर्व्होंत धन तार मधोमध असते, त्यामुळे तो नुसता चालत नाही, जळत नाही.

एलेरॉनचं आठवलं की लिही. आणि बीईसीवर किती अँपिअर लिहिलेत, सर्व्हो किती आणि कोणते आहेत, तेही कळव. मग नवा घ्यायचा की नाही ते ठरवू. तोवर ते विमान उडवू नकोस.

तुझा,
मित्र