पाणी अजून मचूळ आहे

झाडगाव, रत्नागिरी
आश्विन वद्य चतुर्थी

प्रिय सदा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. "वहिनींना पुन्हा शिनाण्यांच्या नादी लावू नकोस, गेल्या वर्षी बायकांचे पैसे आणि मेहनत दोन्ही पाण्यात गेले," असं तू लिहिलंस. तुझ्या जागी मी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. पण गेल्या वर्षी नेमकं काय झालं ते तुला कोणी नीट सांगितलेलं दिसत नाही. ते सांगायचं काम माझंच होतं, म्हणून आज सगळं लिहितो.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला आम्ही शिनाण्यांचं, म्हणजे खाडीतल्या हिरव्या शिंपल्यांचं, बी (त्यांची बारीक पिल्लं) बांधलं. सुती मच्छरदाणीच्या कापडात दोरीभोवती बी गुंडाळायचं, मीटरभर दोरीला अर्धा-पाऊण किलो, आणि वरून शिवून टाकायचं. आठ-पंधरा दिवसांत कापड कुजून गळून जातं. तोवर शिनाण्यांनी आपल्या धाग्यांनी दोरी धरलेली असते. तशी ती धरलीही होती. वहिनींनी फोनवर सांगितलं होतं, "भावजी, आता हातानं ओढली तरी सुटत नाहीत." त्यानंतर परतीचा पाऊस आला. चार दिवस कोसळला आणि नदी लाल होऊन खाडीत उतरली. गोडं पाणी आलं की शिंपले मिटून बसतात, काही दिवस तग धरतात, पण अन्न नाही, श्वास नाही, असं किती दिवस बसणार?

दोऱ्या वर काढल्या त्या दिवशी मी होडीत होतो. वास इतका की नाकाला पदर लावून बायका काम करत होत्या. वहिनी एक शब्द बोलल्या नाहीत. एकेक दोरी झटकून बाजूला ठेवत राहिल्या. त्या गप्प बसण्याचं मला अजून वाईट वाटतं. पण त्याच वेळी एक गोष्ट डोळ्यांत भरली. दोरीचा वरचा हात-दीड हात भाग पार मेलेला, शिंपले उघडे पडलेले, आणि टोकाकडचे शिनाणे जिवंत. काही दोऱ्यांना तर खाली मूठ-दोन मुठी चांगले धरून होते.

कारण साधं आहे. गोडं पाणी हलकं, ते वर पसरतं. खारं जड, ते तळाला राहतं. खाडीत पाण्याचे असे दोन थर असतात हे मला कॉलेजपासून माहीत. तरी मी तुमच्या खाडीचा खारेपणा मोजला तो वरच्या पाण्याचा, आणि तोही भरतीला, कारण भरतीलाच होडी धक्क्याला नीट लागते. भरतीला समुद्र आत आलेला असतो, तेव्हा आकडा चांगलाच दिसणार. चूक माझी होती, सदा. वाडीतल्या बायकांची नव्हती आणि शिनाण्यांच्या धंद्याचीही नव्हती.

तू विचारतोस, तुमच्या सागरी जीवशास्त्र संशोधन केंद्रात दिवसभर चालतं तरी काय. सुट्टीत येणारी पोरं देवमाशाच्या सांगाड्याखाली मान वर करून उभी राहतात, काचेमागचे मासे बघतात, आणि गावभर हे केंद्र म्हणजे मत्स्यालय एवढंच ठरून जातं. केंद्र १९५८ सालचं, आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. माझ्या दृष्टीने खरं काम आहे पाण्याची विचारपूस. तापमान किती, खारेपणा किती, प्राणवायू किती, हे पुन्हा पुन्हा मोजून वहीत लिहायचं. बारीक जाळी होडीमागे ओढायची आणि तळाच्या बाटलीत जमलेला गढूळसा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा. त्या थेंबात जे हलतं तेच शिनाण्यांचं जेवण. शिनाणे दिवसभर पाणी गाळून हेच खातात. आणि म्हणूनच त्यावर डोळा ठेवावा लागतो, कारण काही सूक्ष्म शेवाळांत विष असतं. ते शिंपल्यात साठतं आणि शिजवूनही जात नाही. एखाद्या घरात कोणी आजारी पडल्यावर शोधत बसण्यापेक्षा आधी थेंब बघितलेला बरा. या कामाचा फोटो निघत नाही, पण मला ते मनापासून आवडतं.

आता या वेळच्या प्रशिक्षणाचं सांगतो. तुमच्या वाडीतल्या अकरा बायका आल्या होत्या. मी शिनाणे उघडून दाखवत होतो, की केशरी मांसाची ती मादी, पांढरट तो नर. एक आजी म्हणाल्या, "म्हणजे आम्ही इतकी वर्षं बायकांनाच आधी ताटात घेतो!" सगळ्या हसल्या आणि तिथून पुढे वर्ग माझा राहिला नाही, त्यांचाच झाला.

दुसऱ्या दिवशी भाट्याच्या खाडीत गेलो. मी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे खारेपणा मोजायचं छोटं यंत्र, काढला. काचेवर थेंब टाकायचा, उजेडाकडे धरायचा, निळा आणि पांढरा रंग जिथे मिळतात तो आकडा वाचायचा, म्हणजे हजार भाग पाण्यात मीठ किती ते कळतं. माझं पुसणं चाललं होतं तेवढ्यात वहिनींनी पाण्यात बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "पानी अजून मचूळ हाय." आकडा आला बावीस. मोकळ्या समुद्रात तो पस्तीसच्या आसपास असतो. मग खाली पुरुषभर खोलीवरचं पाणी काढलं, ते एकोणतीस. वहिनींनी तेही चाखलं आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग गेल्या वर्षी दोऱ्या खाली का नाय सोडल्या?" मी म्हटलं, "कारण तुम्हाला विचारलं नाही."

त्यांनी मग स्वतःच बाटली केली. जुनी सोड्याची बाटली, बुडाला दगड बांधलेला, तोंडाला बूच आणि बुचाला वेगळी दोरी. हव्या त्या खोलीवर गेली की हिसका द्यायचा, बूच निघतं, तिथलंच पाणी भरतं. आमच्याकडे यासाठी महाग उपकरण आहे. वहिनींच्या बाटलीने मोजलेला आकडा त्याच्याशी जुळला.

ठरलंय ते असं. भरती-ओहोटीची वेळ काढायला तक्ता नको, आपल्या आजोबांचा हिशेब पुरे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. आज चतुर्थी, म्हणजे तीनला भरती आणि नवाच्या सुमारास ओहोटी. रोज ओहोटीला, खाडी सगळ्यात गोडी असते तेव्हा, वरचं आणि खालचं पाणी मोजून वहीत लिहायचं. खालचा आकडा सलग आठ दिवस पंचवीसच्या वर राहिला तरच बी बांधायचं, आणि दोऱ्या खोल सोडायच्या. मग दिवाळी उलटली तरी चालेल. मेच्या मध्यापर्यंत पाच-सहा महिने मिळतात, तेवढे पुरतात. आणि या वर्षी फक्त वीस दोऱ्या. बचत गटाचे सगळे पैसे लावू नका, हे मी त्यांना तीनदा सांगितलंय. तूही सांग.

शनिवारी मी वाडीवर जातोय. वही कशी चाललीय ते बघेन आणि तुला कळवीन.

दिवाळीला येताना मंगळदास मार्केटातून मच्छरदाणीचं कापड आण, दहा मीटर. सुतीच बघून घे. नायलॉनचं दिलं तर परत कर, ते पाण्यात कुजत नाही आणि शिनाणे आतच घुसमटतात.

घरी सर्वांना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद.

तुझा,
बाळा