व्युत्पत्ती नसलेला शब्द

महोदय,
इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीचा विषय निघाला की ‘डॉर्ड’ची गोष्ट सांगायलाच हवी. १९३४ साली निघालेल्या वेबस्टरच्या न्यू इंटरनॅशनल शब्दकोशाच्या दुसऱ्या आवृत्तीत हा शब्द चक्क छापला गेला. अर्थ दिला होता, घनता. खरे तर असा शब्द इंग्रजीत नव्हताच!

झाले असे, की ३१ जुलै १९३१ रोजी कोशाचे रसायनशास्त्र संपादक ऑस्टिन पॅटरसन यांनी एक चिठ्ठी पाठवली. मजकूर एवढाच, की ‘डी ऑर डी’, म्हणजे कॅपिटल किंवा स्मॉल डी, हे अक्षर घनतेसाठीही वापरतात. चिठ्ठी जायला हवी होती संक्षेपांच्या गठ्ठ्यात, गेली शब्दांच्या. त्या काळी मुख्य शब्द टाइप करताना अक्षरांमध्ये जागा सोडत. त्यामुळे डी, ओ, आर, डी ही चार अक्षरे एकच शब्द म्हणून वाचली गेली. पुढे त्याला नाम ठरवून उच्चारही जोडला.

२८ फेब्रुवारी १९३९ रोजी एका संपादकाला खटकले, की या शब्दापुढे व्युत्पत्तीच नाही. तिथून माग काढत मूळ चिठ्ठीचा घोळ उघड झाला आणि शब्द कोशातून गेला.

व्युत्पत्तीची जी ओळ नसल्यामुळे ही चूक पकडली गेली, ती मोबाइलवरच्या कितीतरी कोशांत आज गाळलेली असते. याचे फार वाईट वाटते. कोशकारांनी ती पुन्हा द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक