बाबा, जुने फोटो पुसू नका

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर बाबा म्हणाले की, गुगलच्या खात्यातली जागा संपत आल्याची सूचना मोबाइलवर रोज येते, महिन्याला 130 रुपये भरून जास्त जागा घ्या असे ती सांगते, आणि हे पैसे वाचावेत म्हणून त्यांनी आठवडाभर रोज दुपारी बसून 2017 सालापासूनचे फोटो एकेक करून पुसायला घेतले आहेत. हे सारे फोनवर नीट समजावता येत नाही आणि कागदावर असले तर तुम्हाला पुन्हा वाचता येईल, म्हणून पत्र लिहीत आहे. बाबा, ते फोटो पुसणे कृपा करून आजच थांबवा.

गुगलच्या खात्यात 15 जीबी जागा फुकट मिळते आणि मेल, ड्राइव्ह व फोटो या तिघांची मिळून ती एकच असते. मात्र 1 जून 2021 पूर्वी 'हाय क्वालिटी' हा पर्याय ठेवून जे फोटो खात्यात चढवले गेले, ते या 15 जीबीत मोजलेच जात नाहीत. तुमचे खाते मीच सुरू करून दिले होते आणि तेव्हा हाच पर्याय निवडला होता. त्यामुळे दादाच्या लग्नाचे, आजीच्या शेवटच्या गणपतीचे आणि जुन्या घराच्या अंगणातले फोटो पुसून एक पैसाही वाचणार नाही. जे पुसले गेले ते फोटोंच्या ट्रॅशमध्ये 60 दिवस राहतात; तिथे जाऊन प्रत्येकावर बोट दाबून धरा आणि 'रिस्टोर' करा. आठवडाच झाला आहे, म्हणजे सगळे परत मिळतील.

जागा खरी भरते ती व्हॉट्सअॅपमुळे. आई, भजनी मंडळाच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर रोज जे व्हिडिओ येतात, ते बाबांच्याच फोनवर उतरतात. व्हॉट्सअॅपचे फोल्डर गुगल फोटोशी जोडलेले असेल तर त्यांची एक प्रत तिथे चढते, आणि चॅटचा बॅकअप घेताना त्यात व्हिडिओ सामील असतील तर दुसरी प्रत बॅकअपमध्ये जाते. हा बॅकअप पूर्वी मोजला जात नसे, आता तोही त्याच 15 जीबीत मोजला जातो. सकाळच्या शुभेच्छांचा एकच व्हिडिओ अशी दोनदा जागा अडवतो, आणि वर्षभरात असे किती येतात हे तुम्हीच जाणता.

म्हणून प्रथम व्हॉट्सअॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा' आणि त्यात 'मॅनेज स्टोरेज' उघडा. तिथे 5 एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फाइल्स वेगळ्या काढून दाखवलेल्या असतात. आई, तू पुन्हा पुन्हा ऐकतेस ते अभंग आधी बाजूला ठेव आणि बाकीचे निःशंकपणे काढून टाक. मग चॅट बॅकअपमध्ये व्हिडिओ सामील करण्याचे बटण बंद करा आणि गुगल फोटोच्या बॅकअपमधून व्हॉट्सअॅपचे फोल्डर वगळा. याआधी तिथे चढलेले व्हिडिओ मात्र फोटोमध्येच जाऊन काढावे लागतील. तिथून पुसलेली गोष्ट फोनमधून आणि खात्यातून, दोन्हीकडून जाते, त्यामुळे ओळखीचा चेहरा दिसला की हात आवरा.

मेलकडे बाबांनी पाहावे. शोधायच्या चौकटीत 'लार्जर' या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग, विसर्गासारखी दोन टिंबे आणि दहाचा आकडा जोडून 'एम' असे सलग लिहिले की 10 एमबीपेक्षा मोठ्या मेल समोर येतात. त्यातील पेन्शन, बँक आणि विम्याची कागदपत्रे सोडून बाकीच्या काढा व शेवटी ट्रॅश रिकामा करा, कारण तोपर्यंत ती जागा मोकळी होत नाही. हे टाळून चालणार नाही, कारण खाते पूर्ण भरले की मेल जाणेही थांबते आणि येणेही.

एक सावधगिरी बाळगा. 'तुमचे फोटो आज पुसले जातील, ताबडतोब पैसे भरा' अशी मेल किंवा मेसेज आला तर त्यातील लिंकला हात लावू नका. अशा धमक्या फसवणुकीसाठीच धाडल्या जातात. किती जागा भरली आहे हे फोटोच्या अॅपमध्ये स्वतः उघडून पाहा.

पेन्शनमधून दरमहा आपोआप पैसे कापले जाऊ नयेत हे बाबांचे म्हणणे मला पूर्ण पटते. एवढे करूनही जागा अपुरी पडली तर वर्षाचे पैसे मी भरीन, त्यात संकोच करू नका. पण माझ्या अंदाजाने ती वेळ येणार नाही. दिवाळीला येताना हार्ड डिस्क आणीन आणि सर्व जुन्या फोटोंची एक प्रत घरातच ठेवू.

गुरुवारी रात्री जेवणानंतर फोन करते. तेव्हा ट्रॅशमधून किती फोटो परत आले ते बाबांनी सांगावे, आणि आजीचा गौरीपुढे बसलेला फोटो त्यात आहे का, हे आई, तू आधी पाहून ठेव.

तुमची,
ताई