पहिल्या गिअरची मर्यादा काढू नका

संपादक महोदय,

जुनी डिझेल हॅचबॅक घेतली की लगेच ‘रीमॅप’ (ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातलं सॉफ्टवेअर बदलणं) करून घेण्याचं खूळ वाढलं आहे. त्यातला धोका सांगायलाच हवा.

स्विफ्टच्या १२४८ सीसी डिझेल इंजिनाचा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, २००० आरपीएमला (मिनिटाला फेऱ्या) १९० न्यूटन-मीटर. पहिला गिअर आणि फायनल ड्राइव्ह (गिअरबॉक्सनंतरची शेवटची दातेरी जोडी) मिळून तो साधारण बारापट होतो, म्हणजे चाकांकडे सव्वादोन हजारांच्या वर! हा ताण गिअरचे दात, चाकं फिरवणारे ड्राइव्हशाफ्ट आणि त्यांच्या टोकांचे सीव्ही जॉइंट सोसतात. म्हणूनच अनेक डिझेल गाड्यांत पहिल्या-दुसऱ्या गिअरला ईसीयू (इंजिनाचा संगणक) टॉर्क मुद्दाम आवरतो. रीमॅपमध्ये ती मर्यादा उडवली की आधी बहुधा क्लच घसरतो. चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबा; आरपीएम चढला पण वेग वाढला नाही, तर क्लचप्लेट गेलीच समजा.

घाटात गाडी मरते ती बहुतेकदा ताकद कमी म्हणून नव्हे, तर टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) जागा होण्याआधीच वरचा गिअर टाकल्यामुळे. वळणाआधीच दुसरा टाका, आरपीएमचा काटा १८००च्या खाली जाऊ देऊ नका. तरी पडलाच तर सरळ पहिला घ्या. अर्ध्या क्लचवर गाडी ओढू नका.

— एक वाचक, सातारा