ताई, माळ्यावरची ट्रंक चवथीआधी तूच उघड

स्विंडन, इंग्लंड
जुलै, रविवार संध्याकाळ

प्रिय ताई,
सा. न. वि. वि.

परवा वहिनीचा फोन आला होता, बोलता बोलता सहज म्हणाली की चवथीआधी माळा रिकामा करायचाय, कौलं काढून नवीन घालायचीत आणि ती हिरवी ट्रंक तळाला पूर्ण गंजलीय, आतले कागद बिगद जाळून टाकते. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. वहिनीचं यात काहीच चुकत नाही हं, एवढं मोठं घर, पेडण्याचा पाऊस, वाळवी, सगळं ती एकटी सांभाळते, आणि त्या ट्रंकेत काय आहे हे तिला कोणी कधी सांगितलंच नाही तर तिला कळणार कसं. मी तिला म्हटलं ताई येईपर्यंत थांब, ती लगेच हो म्हणाली. म्हणून हे पत्र. सावंतवाडीहून पेडणं म्हणजे काय, सकाळची एसटी धरलीस तर जेवायला तिथे. एक रविवार काढ, भावोजींना मुलांचं बघायला सांग, लेकीला मात्र बरोबर ने, का ते पुढे सांगते.

मी काम करते त्या केअर होममधे प्रत्येक खोलीच्या दाराशी भिंतीवर एक काचेची छोटी पेटी असते, मेमरी बॉक्स म्हणतात. त्यात त्या त्या आजी-आजोबांच्या आयुष्यातल्या चार वस्तू ठेवतात, लग्नाचा फोटो, विणायच्या सुया, बिल्ला, असलं काहीतरी. विसरायचा आजार झालेल्यांना खोलीचा नंबर आठवत नाही पण आपली वस्तू दिसली की खोली ओळखता येते. हे स्विंडन म्हणजे रेल्वेचं गाव, इथला इंजिनांचा मोठा कारखाना १९८६ ला बंद पडला, आमच्याकडचे कितीतरी म्हातारे तिथलेच कामगार. एका आजोबांना सकाळचा नाश्ता झाला की नाही ते सांगता येत नाही पण कारखान्याचा फोटो हातात दिला की भोंगा कधी व्हायचा, शेजारी कोण काम करायचा, डब्यात काय असायचं, सगळं धडाधडा बोलतात आणि त्या दिवशी जेवतातही नीट. त्यांच्या मुलीने तो फोटो शोधून आणला म्हणून हे होतं. आणि एका आजींची पेटी रिकामी आहे. मागे कोणी नाही आणि त्यांना स्वतःला आता सांगता येत नाही. आम्ही त्यांची वेणी घालतो, गोळ्या देतो, पण त्यांच्याशी बोलायचं कशाबद्दल हेच आम्हाला माहीत नाही गं. ती पेटी बघितली की मला दर वेळी आपली आई आठवते.

आईला काही झालेलं नाही, घाबरू नकोस. तिची स्मरणशक्ती आपल्या दोघींपेक्षा चांगली आहे. म्हणूनच आत्ता विचारायचं.

माझं आणि आईचं कसं चालतं ते तुला माहीतच आहे. नाईट ड्युटीला माझा ब्रेक रात्री दोनला असतो, तेव्हा घरी सकाळचे साडेसहा. आई फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवते त्यामुळे मला तिच्याऐवजी वासे आणि पंखाच दिसतो, पण आवाज सगळे येतात, चहा उकळतो, दादा खोकतो, आणि मग लांबून पाववाल्या पोदेराचा भोंगा, पों पों करत सायकल वळणावर आली की आई म्हणते थांब हं, आणि मी इथे तिसऱ्या मजल्यावरच्या पँट्रीत बसून आई आणि पोदेराचा सगळा व्यवहार ऐकते, किती उंडे, काल एक कमी होता, पावसात पाव मऊ का पडले, वगैरे. ताई, खरंच सांगते, तेवढ्यात माझी अर्धी रात्र निभते. फोनवर आम्ही फार मोठं काही बोलत नाही. भाजी कुठली, मोगरीला कळ्या आल्या का, शेजारणीचं गुडघ्याचं काय झालं. पण असं बोलत असतानाच तिच्या तोंडून मधेच काहीतरी असं निघतं की जे आपल्याला आयुष्यात माहीत नव्हतं.

आता हेच बघ. तो एक फोटो आहे ना, भगवतीच्या देवळापुढच्या दगडी हत्तीपाशी आजी उभी आहे आणि बाजूला टोपी घातलेला माणूस, आपण लहानपणापासून त्याला आजोबा समजत होतो. तो आजोबा नव्हेच! तो आजीचा थोरला भाऊ, बांद्याचा. आई भाजी कापत होती (म्हणजे आवाजावरून मी समजले), मी विचारलं आजोबांनी टोपी कधी घातलेली आठवत नाही, तर म्हणाली अगो ते कुठले आजोबा, तो मामा. आणि मग सुरू झाली. पोर्तुगिजांच्या वेळी आजीचं सासर इकडे गोव्यात आणि माहेर सीमेपलीकडे, मधे पत्रादेवीचा नाका. तरी लोक येत-जात होते. पण १५ ऑगस्ट १९५५ ला पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या आणि त्यानंतर सीमा बंद. बांदा म्हणजे हाकेच्या अंतरावर, पण आजीला जाता येईना. आजीची आई त्याच काळात गेली, निरोप कितीतरी दिवसांनी कोणी गुराख्याने पोचवला, तोवर तेरावंही होऊन गेलं होतं. आजी माडाखाली बसून रडली आणि उठून भाताला गेली, असं ती आईला सांगायची. मग १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि पुढच्या वर्षीच्या पुनवेला भाऊ बहिणीला भेटायला पेडण्याला आला, जत्रेत फोटोवाला होता, तिथे त्याने हट्टाने तो फोटो काढून घेतला. इतक्या वर्षांनी भेटलेल्या भाऊ-बहिणीचा फोटो आहे तो ताई, आणि मागे एक अक्षर लिहिलेलं नाही. आजीने आईला सांगितलं, आईने मला, तेसुद्धा भाजी कापताना टोपीवरून विषय निघाला म्हणून. उद्या तो वहिनीच्या हातात आला असता तर तिला तो जुना पिवळा फोटो, एवढंच.

तेव्हा मुख्य काम ट्रंक वाचवायचं नाही, ट्रंक उघडून आईसमोर बसायचं आहे. तिला "जुन्या आठवणी सांग" म्हणू नकोस, मी करून बघितलंय, ती पदर सावरून बसते आणि काय सांगू, तुम्हाला सगळं माहीत आहेच म्हणते. त्यापेक्षा तिच्या हातात शेंगा सोलायला दे, एकच फोटो पुढे कर आणि साधं काहीतरी विचार, ही साडी कुणाची, ह्या मागचा दरवाजा कुठल्या घराचा, ह्याला हाक काय मारायचे. फोनचं रेकॉर्डिंग चालू करून बाजूला ठेव, पंखा बंद कर नाहीतर नुसती घरघर येते. तिला सांगून कर हं, चोरून नको. आणि लेकीला विचारू दे. आपण विचारलं की आई थोडक्यात आवरते, नातीला मात्र सगळं मुळापासून सांगते, पाटा-वरवंट्यापासून.

फोटोंचं इथे थोडं शिकलेय ते लिहिते. पाऊस पडत असताना ट्रंक उघडून पसरू नका, उघडीप मिळाली की उघडा. वहिनी सगळ्याला ऊन दाखवते, गोधड्यांना ठीक आहे, फोटोंना नको, रंग उडतात, सावलीत वाऱ्यावर ठेवा. तुझ्या लग्नाचा अल्बम चिकट पानांचा आहे, त्यातले फोटो ओढून काढू नकोस, फाटतील, पानासकट मोबाईलने फोटो घे. काचेला चिकटलेले पण तसेच राहू देत. मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा वळ पुढे उमटतो. गुळगुळीत कागदाच्या नव्या फोटोंवर पेन्सिल उठत नाही, ते पाकिटात घालून पाकिटावर लिही. आणि मला पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर नुसता फोटो म्हणून टाकू नकोस, बारीक होऊन येतो, डॉक्युमेंट म्हणून टाक. एक कॉपी तुझ्याकडे, एक माझ्याकडे, म्हणजे एक फोन पाण्यात पडला तरी चिंता नाही.

बाबांच्या कॅसेटींवर पांढरी बुरशी दिसली तर टेपमधे अजिबात घालू नकोस, तशाच सुक्या डब्यात ठेव, मी डिसेंबरात येईन तेव्हा जाणकार माणसाला दाखवू. त्यातल्या एकीत बाबा पेटीवर नाट्यपद म्हणताहेत आणि मधेच आई "चहा निवतोय" म्हणते ते आहे. मला त्या पदाइतकंच ते "चहा निवतोय" हवंय.

आणि बाबांची नाटकाची वही! देवळातल्या नाटकाला बाबा वर्षानुवर्षं प्रॉम्प्टर, स्टेजवर कधी आलेच नाहीत पण सगळ्यांची भाषणं त्यांना पाठ. ती लांबट वही, जाड पुठ्ठ्याची, त्यात तांबड्या शाईने प्रवेश आणि निळ्या शाईने भाषणं, आणि समासात बारीक अक्षरात सूचना: इथे पेट्रोमॅक्सला हवा मारणे. इथे राजास पाणी देणे. एका पानावर, दुसऱ्या अंकाच्या शेवटी, धाकटी झोपली, घरी पोचवणे. ती धाकटी म्हणजे मी. बाबांनी नाटकाच्या वहीत मला लिहून ठेवलंय, ते पान मला दिसेल असं कर, बाकी काही पाठवलं नाहीस तरी चालेल.

अजून एक, मग आवरते, उद्या ड्युटी आहे. दादा आता गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान म्हापशाच्या बाजारातून आणतो, बरोबरच आहे, रानात जायला वेळ कोणाला. पण आईला अजून प्रत्येक फळ रानातलं ओळखता येतं, कांगलां, घागऱ्या, करमळ, कवंडळ, कुठलं झाड कुठल्या टेकडीवर होतं, कशाला हात लावायचा नाही, बाबा चौकटीला आधी काय बांधायचे. तू चवथीला जाशीलच, तर माटोळी बांधताना एक एक फळ हातात घेऊन लेकीला नाव म्हणायला लाव आणि व्हिडिओ काढ. मोपाच्या बाजूची किती टेकाडं विमानतळापासून बदलली ते तू बघतेसच, झाडं राहतील न राहतील, नावं तरी पोरीच्या तोंडात बसू देत.

इथेही गोंयकारांची पाच-सहा घरं मिळून गणपती बसवतो. मागच्या वर्षी माटोळीला सफरचंदं आणि मक्याची कणसं बांधली होती, फार छान दिसत होती, आईला फोटो पाठवला तर तिने तो शेजारी चार घरं दाखवला.

कुठल्या रविवारी जातेस ते आधी कळव, मी नाईट बदलून घेते म्हणजे तुम्ही ट्रंक उघडाल तेव्हा मला व्हिडिओवर बसता येईल. फोन पिठाच्या डब्याला नको, खिडकीत ठेवा, मला आई दिसली पाहिजे. भावोजींना नमस्कार, मुलांना खूप खूप आशीर्वाद. वहिनीला मी वेगळा फोन करतेच, तिच्यासाठी बुटांच्या खोक्यातल्या त्या ओल शोषणाऱ्या पुड्या जमवून ठेवल्यात, ट्रंकेऐवजी प्लॅस्टिकचा झाकणाचा मोठा डबा घ्या आणि त्यात टाका. डब्याचे पैसे मी पाठवते, नाही म्हणू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. मामाच्या त्या फोटोमागे आईलाच लिहायला सांग, तिच्या अक्षरात.