सर्व्हरलाही एक गुरुवार द्या

संपादक साहेब, नमस्कार,

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात आतल्या पानावर एक छोटी चौकट होती, कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये गंभीर त्रुटी सापडली, युजर्सनी ताबडतोब अपडेट करावं, बस एवढंच. त्रुटी म्हणजे नक्की काय, धोका कोणाला, अपडेट केल्यावर पुढे काय करायचं, यातलं काहीच नव्हतं. मी शहराबाहेरच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात बावीस वर्षं लॅब असिस्टंट आहे आणि अशाच एका त्रुटीपायी चांगल्या पोराचं वर्ष जाता जाता वाचलेलं मी बघितलंय, म्हणून, पाणी बंदच्या गुरुवारासारखा सर्व्हरलाही दुरुस्तीसाठी महिन्यातून एक गुरुवार द्यावा हे सांगायला बसलो, पत्र लांबलं तर सांभाळून घ्या.

हॅकर म्हटलं की लोकांना वाटतं कुठेतरी परदेशात बसलेला माणूस वायरीतून आपल्या घरात शिरतोय. पण मी सांगतोय त्या प्रिव्हिलेज एस्कलेशनमध्ये, म्हणजे साध्या युजरने मालकाचे अधिकार मिळवण्याच्या प्रकारात, माणूस आधीच आत असतो, त्याला आत यायला आपणच परवानगी दिलेली असते. आपल्या सोसायटीतच बघा ना, भाडेकरूकडे त्याच्या फ्लॅटची चावी असते, लिफ्ट आणि पार्किंगही तो वापरतो, पण टेरेस, मीटर रूम, ऑफिसचं कपाट यांच्या चाव्या वॉचमनकडे असतात. टेरेसवर डिशवाला येणार असेल तर भाडेकरू वॉचमनला सांगतो, वॉचमन विचारपूस करून कुलूप उघडून देतो. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असेच वॉचमन प्रोग्रॅम असतात, सुडो आहे, पीकेएक्झेक आहे, त्यांना हाक मारतो साधा युजर पण ते काम करतात रूटच्या म्हणजे मालकाच्या अधिकाराने. अशा वॉचमनला कोणी फसवलं की भाडेकरूच्या हातात सगळ्या बिल्डिंगचा जुडगा आला म्हणून समजा.

पीकेएक्झेकमधली अशीच चूक क्वालिस या कॉम्प्युटर सुरक्षेच्या कंपनीच्या लोकांनी २५ जानेवारी २०२२ ला जाहीर केली, तिचं नाव प्वनकिट. ही चूक २००९ पासून, म्हणजे तो प्रोग्रॅम पहिल्यांदा आला तेव्हापासून त्यात होती, बारा वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही. झालं असं होतं की कुठलाही प्रोग्रॅम सुरू करताना त्याला शब्दांची एक यादी दिली जाते, त्यात पहिलं नाव त्याचं स्वतःचं असतं अशी रीत आहे, पीकेएक्झेकने ते गृहीत धरलं आणि दुसऱ्या जागेपासून वाचायला लागला. आता कोणी मुद्दाम कोरी यादी दिली तर? मेमरीत त्या यादीला लागूनच एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची, म्हणजे प्रोग्रॅमने कसं चालावं हे सांगणाऱ्या सेटिंग्जची यादी असते, हा तसाच पुढे जाऊन तिच्यात शिरतो, तिथलं वाचतो आणि वर तिथे लिहूनही ठेवतो. मालकाच्या अधिकाराने चालणारा प्रोग्रॅम असेल तर सिस्टिम धोक्याचे व्हेरिएबल्स सुरुवातीलाच काढून टाकते, पण त्यातलाच एखादा या वाटेने परत आत आणता येतो, आणि मग भाडेकरूने आणलेला कोड रूटच्या अधिकाराने चालतो. पासवर्ड लागत नाही, इंटरनेटसुद्धा लागत नाही, फक्त त्या मशीनवर एक साधं अकाउंट पाहिजे. आणि कॉलेजच्या सर्व्हरवर साधं अकाउंट प्रत्येक पोराला असतंच.

आमचा लॅब सर्व्हर लॉकडाऊनच्या आधीपासून कोणी अपडेट केलेला नव्हता. पोरांची प्रोजेक्टं, सबमिशन, इंटर्नल मार्कांची शीट सगळं त्याच्यावर. मी दोनदा तोंडी विचारलं होतं, उत्तर एकच, चालू आहे ना, मग हात लावू नका, सेमिस्टर संपल्यावर बघू. मीही लेखी दिलं नाही, ही माझी चूक होती. २०२२ च्याच ऑगस्टमध्ये थर्ड इयरचा एक मुलगा लॅब सुटल्यावर माझ्या टेबलापाशी आला, सर एक दाखवायचंय म्हणाला, आणि माझ्यासमोर याच चुकीतून त्याच्या साध्या लॉगिनमधून रूट होऊन दाखवलं. मार्कांची शीट त्याला दिसत होती, बदलताही आली असती. त्याने काही केलं नव्हतं, मला सांगितलं होतं. मी तो प्रकार वर रिपोर्ट केला आणि दुसऱ्या दिवशी चौकशी लागली ती त्या पोरावरच. त्याचे वडील बार्शीहून रात्रीच्या एसटीने आले, कमिटीसमोर हात जोडून उभे राहिले, साहेब माझ्या पोरानं चोरी केली का हो, असं विचारत होते. तो प्रश्न मी विसरू शकत नाही. शेवटी मी आणि दोन मॅडमनी लेखी जबाब दिला की मुलाने स्वतःहून येऊन सांगितलं, तेव्हा कुठे लेखी ताकीद देऊन सोडलं. ती ताकीदसुद्धा द्यायला नको होती असं मला आजही वाटतं, कारण दुरुस्ती सात महिन्यांपासून फुकट मिळत होती आणि आम्ही घेतली नव्हती. जो सांगतो त्यालाच धरलं तर पुढच्या वेळी पोरं गप्प बसतील आणि जो सांगणार नाही तोच आत फिरत राहील.

दुरुस्ती किती वेळाची होती? पॅकेज अपडेट करायला पाच मिनिटं. तेही शक्य नसेल तर पीकेएक्झेकच्या फाइलची परमिशन ४७५५ वरून ०७५५ करायची, तो पुढचा ४ गेला की प्रोग्रॅम मालकाच्या अधिकाराने चालतच नाही, म्हणजे वॉचमनकडून चाव्या काढून घेतल्यासारखं. काही कामं अडतात पण अपडेट येईपर्यंत निभतं.

आता खरी अडचण सांगतो. नंतर आम्ही अपडेट नियमित करायला लागलो आणि निवांत झालो. २०२४ मध्ये लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच, नेटफिल्टर नावाच्या भागात, अशीच रूट मिळवून देणारी चूक निघाली. मेमरीचा तुकडा सोडून दिल्यावरही परत वापरला जायचा, खोली सोडलेल्या भाडेकरूकडे जुनी चावी तशीच राहावी आणि नवीन माणसाचं सामान आल्यावर त्याने कुलूप उघडावं, तसलं. मी म्हटलं आपलं अपडेट झालेलं आहे. सहज यूनेम ही चालू कर्नलचा नंबर दाखवणारी कमांड देऊन बघितलं तर मशीन पाच महिन्यांपूर्वीच्याच कर्नलवर चालू! नवीन कर्नल डिस्कवर येऊन पडला होता पण मशीन रीस्टार्टच केलं नव्हतं. कर्नल सुरू होताना मेमरीत जातो आणि तिथेच राहतो, अपडेटने डिस्कवरची फाइल बदलते, चालू असलेला कर्नल साधारणपणे तोच राहतो. उबंटूमध्ये, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकारात, लॉगिन करताना रीस्टार्ट करा अशी ओळ येते, ती आम्ही रोज बघत होतो आणि रोज पुढे जात होतो. कारण रीस्टार्टची परवानगी कोण देणार? कोणाची प्रॅक्टिकल चालू, कोणाची ऑनलाइन टेस्ट.

हे फक्त लिनक्सचं आहे असं कोणी समजू नये. २०१७ मध्ये मॅकच्या हाय सिएरा या आवृत्तीत युजरनेम रूट टाकून पासवर्ड कोरा ठेवला तरी आत जाता येत होतं, ॲपलने एका दिवसात दुरुस्ती काढली. २०२१ च्या जुलैत विंडोज १० मध्ये पासवर्डचे हॅश, म्हणजे त्यांची सांकेतिक रूपं, ज्या फाइलमध्ये असतात ती साध्या युजरला वाचता येत होती असं निघालं, तिथे तर नुसता पॅच म्हणजे दुरुस्ती लावून पुरलं नाही, मशीनवर आधीच्या शॅडो कॉपी म्हणजे विंडोजने आपोआप ठेवलेल्या जुन्या प्रती पडलेल्या होत्या त्याही डिलीट कराव्या लागल्या, नाहीतर जुनी उघडी फाइल तिथे तशीच. आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आपल्या पेठांतल्या अभ्यासिका, झेरॉक्सची दुकानं, सीएंची ऑफिसं, सोसायट्यांची ऑफिसं इथे अजून तेच चाललंय, आणि एकाच अकाउंटवर सगळे, तेही ॲडमिनिस्ट्रेटर. तिथे तर कसली त्रुटी शोधायचीही गरज नाही, चाव्यांचा जुडगा दारालाच लटकवलेला आहे. निदान रोजच्या कामाला साधं अकाउंट करा, ॲडमिनचं वेगळं ठेवा आणि त्याचा पासवर्ड एकाच जबाबदार माणसाकडे द्या, एवढं तर आज संध्याकाळी होईल.

आता मूळ मागणीवर येतो. पुण्यात गुरुवारी पाणी नसेल तर आपण काय करतो? पेपरात आदल्या दिवशी येतं, पंपिंगची आणि जलवाहिनीची कामं आहेत, अमुक भागात पाणी बंद, शुक्रवारी उशिरा आणि कमी दाबाने येईल. कोणाला आवडत नाही, पण बादल्या भरून ठेवतो आणि दिवस काढतो, कारण काम करायचं तर पाणी बंद करावं लागणार हे सगळ्यांना पटलेलं आहे. कॉम्प्युटरच्या बाबतीत हेच कोणाला पटत नाही. दुरुस्ती आलेली असते, करणारा माणूस असतो, फक्त मशीन तासभर बंद ठेवायची मुभा नसते, आणि त्या एका तासासाठी दार महिनोन्महिने उघडं राहतं. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तोवर रात्र झालेली असते, म्हणजे बुधवारी एका मशीनवर लावून बघायचे आणि गुरुवारी सगळीकडे. लिनक्सलाही तोच दिवस ठेवता येतो, फक्त एखादी चूक वापरून हल्ले सुरू झालेत असं कळलं तर गुरुवारची वाट बघू नये.

आमच्याकडे गेल्या वर्षीपासून त्या गुरुवारी दुपारी चार ते पाच सर्व्हर बंद असतो, बुधवारी नोटीस लागते, रीस्टार्ट झाल्यावर चालू कर्नलचा नंबर मी रजिस्टरमध्ये लिहितो आणि शेजारी एचओडींची सही घेतो. पहिल्या दोन महिन्यांत तक्रारी आल्या, आता पोरं बुधवारी रात्रीच आपापलं काम सेव्ह करून ठेवतात. आपल्या पेपरात पाण्याच्या चौकटीशेजारी दोन ओळींची जागा असेल तर ‘आज अपडेट करून मशीन रीस्टार्ट करा’ एवढं महिन्यातून एकदा छापाल का? सर्ट-इन ही सरकारी संस्था अशा त्रुटींच्या सूचना काढत असते, पण त्या इंग्रजीत आणि तांत्रिक भाषेत असतात, अभ्यासिका चालवणाऱ्या काकांपर्यंत त्या पोचत नाहीत, तुमचा पेपर रोज सकाळी त्यांच्या टेबलावर असतो.

आपला,
एक लॅब असिस्टंट, पुणे